भाकऱ्या मोडणारा कारकून

चिंतामणी मोहोळकराचं डोकं फिरलं ते एका 'नाही'पायी. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात तो नक्कल कारकून होता. निवाड्याचा कागद समोर ठेवायचा आणि त्याची बरहुकूम प्रत उतरवायची, एवढंच काम. अकरा वर्षं त्यानं ते केलं, आणि अक्षर असं की वकील म्हणायचे, निकाल विरुद्ध गेला तरी मोहोळकरांच्या हातचा वाचताना तितकं वाईट वाटत नाही. मग तेहतीस सालच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात, एका विहिरीच्या दाव्यात 'वादीस विहिरीवर जाण्याचा हक्क राहणार नाही' या वाक्यातला शेवटचा शब्द त्याच्या हातून गळला. नकलेवर कोर्टाची मोहोर उठायच्या आधीच तो शिरस्तेदार नारायणरावांच्या नजरेला आला. ते म्हणाले, "मोहोळकर, तुम्ही तर जज्जसाहेबांचाच निकाल फिरवलात." सगळी कचेरी हसली. चिंतामणीही हसला. घरी गेला, जेवला, आणि हात धुताना त्याच्या मनात आलं की हा एक सापडला. अकरा वर्षांत न सापडलेले किती असतील?

त्या दिवसापासून तो प्रत्येक नक्कल दोनदा वाचू लागला. मग चारदा. मग शेवटच्या शब्दापासून उलटी पहिल्या शब्दापर्यंत, कारण सरळ वाचताना डोळा फसतो. दिवसाला सहा नकला करणारा माणूस एकीवर आला. शंका कचेरीत मावेना तशी ती त्याच्याबरोबर घरी येऊ लागली. उत्तर कसब्यातल्या दोन खोल्यांना कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत, कुलूप ओढून बघायला. पुन्हा कोपरा, पुन्हा परत. समोरचा शिंपी म्हणायचा की मोहोळकर ऑफिसला जातात तेवढ्यात माझं एक जाकीट शिवून होतं.

आणि मग टाचण्या आल्या. कचेरीत कागद टाचणीनं जोडायचे. चिंतामणीच्या मनानं घेतलं की आपल्या कोटाला अडकून एखादी टाचणी कुणाच्या तरी खाण्यात जाईल, घशात अडकेल आणि तो माणूस मरेल, आणि कुणाला कळणारही नाही की मारलं कुणी. तो टाचण्या मोजू लागला. पाच वर्षांच्या प्रभेला मांडीवर घेणं त्यानं सोडलं. ती दाराशी उभी राहून बापाकडं बघायची आणि तो लांबूनच तिला म्हणायचा, "तिथंच बैस हं बाळ."

त्याला पक्कं ठाऊक होतं की टाचणीला पंख नसतात. हेच तर त्या दुखण्याचं अवघड होतं. वेड्याला आपण शहाणे वाटतो म्हणतात. चिंतामणीला आपण वेडे दिसतो आहोत हे लख्ख दिसायचं, शिंप्याचं हसू दिसायचं, आणि तरी पाय मागं वळायचे. बायको मालती बार्शीची, तोंडानं फटकळ. पहिल्यांदा ती हसली, मग रागावली, मग 'हो, कुलूप लागलंय, मी बघितलं' असं दिवसातून पंचवीसदा सांगू लागली, आणि शेवटी एक दिवस ती स्वतःच कोपऱ्यावरून परत फिरून कुलूप बघून आली. तेव्हा ती घाबरली.

कोर्टाच्या फाटकाशी एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली निंगव्वा भाकऱ्या विकायची. पन्नाशीची, धिप्पाड बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. तारखेला आलेले खेडोपाडचे लोक तिच्याकडून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा घेऊन बुंध्याशीच बसून खायचे. चिंतामणी मधल्या सुट्टीत झाडाच्या पलीकडच्या दगडावर बसून घरचा डबा खायचा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी डबा खाऊन तो मेजावर परतला आणि टाचण्या मोजल्या, तर सकाळच्या चोवीसपैकी तेवीस भरल्या.

तीनदा मोजल्या. मग तो उठला आणि तडक निंबाखाली गेला. निंगव्वा घागर घेऊन पाण्याला गेली होती. टोपलीवर फडकं होतं. चिंतामणीनं फडकं काढलं, मांडी घातली आणि एकेक भाकरी उचलून तिचे बारीक तुकडे करायला सुरुवात केली. प्रत्येक तुकडा उजेडात धरायचा, बोटांनी चाचपायचा, बाजूला ठेवायचा. आसपास दहा-बारा माणसं जेवत होती, पण कुणी हरकत घेतली नाही. काळा कोट, काळी टोपी, तोंडावर गंभीर भाव. लोकांना वाटलं सरकारी तपासणी आहे. एकानं तर आपल्या हातातली अर्धी भाकरीही पुढं केली, "हीबी बगा साहेब," म्हणून. चिंतामणीनं तीही मोडली.

निंगव्वा परत आली तेव्हा तीस-बत्तीस भाकऱ्यांचा चुरा झाला होता. ती घागर खांद्यावर तशीच धरून उभी राहिली.

"काय हुडकतोस?"

"टाचणी," चिंतामणी म्हणाला.

"घावली?"

"नाही."

"मग त्या ऱ्हायलेल्या पाच-सातबी मोड की. अर्धवट कशाला ठिवतोस?"

चिंतामणीनं त्याही मोडल्या. टोपली रिकामी झाली. टाचणी नव्हती. मग तो कोट-टोपीसकट, सगळ्या अशिलांच्या आणि दोन वकिलांच्या देखत, दोन्ही हात मांडीवर ठेवून लहान पोरासारखा रडला.

शिरस्तेदारांनी त्याला टांग्यात घालून घरी पाठवलं. जाताना म्हणाले, "रजेचा अर्ज मी लिहितो. तुम्ही लिहायला बसलात तर पाडवा उजाडेल." हे वाक्य क्रूर होतं, पण अर्ज त्यांनी खरंच लिहिला, आणि कारण 'प्रकृतीअस्वास्थ्य' एवढंच घातलं.

मालतीनं त्याला सिव्हिल इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं, जिभेचा रंग बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाले, "हा वेडेपणा नाही. ही शंकेची व्याधी. इंग्रजीत हिला नाव आहे, मराठीत मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी माझ्याकडं औषध नाही." पुण्याला मनोविकारांचे एक जाणते डॉक्टर होते, त्यांना त्यांनी पत्र घातलं. दहा दिवसांनी त्यांच्या सहायकाचं उत्तर आलं. ते डॉक्टर शिक्षणासाठी विलायतेला होते, जूनमध्ये परतणार होते. चौदा जूनला सकाळी अकरा वाजता रोग्याला आणावं. तोवर त्याला कोंडू नये, एकटं सोडू नये, त्याच्या शंकांशी वाद घालू नये आणि त्या मान्यही करू नयेत.

"वाद घालायचा नाही, मान्य करायचं नाही," मालती म्हणाली. "मग चार महिने करायचं काय?"

डॉक्टरांनी पत्र उलटून पाठची बाजूही बघितली. म्हणाले, "ते यात लिहिलेलं नाही."

करायचं काय ते थोरल्या भावानं ठरवलं. शरच्चंद्र हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. धाकट्या भावानं भर कोर्टात भाकऱ्या मोडल्या ही गोष्ट त्यांना शाळेत तीन मुलांनी आणि एका शिपायानं सांगितली होती. त्यांनी आधी ब्राह्मी तेल आणलं. मग रोज सकाळी डोक्यावर एकशे आठ तांबे गार पाणी. त्यात घोटाळा असा झाला की चिंतामणीला मधेच शंका यायची की हा त्र्याहत्तरावा की चौऱ्याहत्तरावा, आणि मग पहिल्यापासून. दोन दिवसांत आडाचं पाणी खाली गेलं आणि शेजाऱ्यांनी भांडण काढलं.

तेव्हा शरच्चंद्रांनी माढ्याहून रामहरी नावाचा मांत्रिक बोलावला. संस्कृतच्या मास्तरानं मांत्रिक बोलवावा याची त्यांना लाज वाटत होती, म्हणून स्वतः ते त्या दिवशी पंढरपूरला लग्नाला निघून गेले. रामहरीनं चिंतामणीला गावाबाहेर तिठ्यावर नेलं, अंगावरून लिंबू उतरवलं आणि ते त्याच्या हाती दिलं. "पाठीमागं फेका आनि सरळ घराकडं चला. मागं वळून बगायचं न्हाय. बगितलं तर उतारा उलटतो."

चिंतामणीनं फेकलं. दहा पावलं चालला. मग त्याच्या मनात आलं की लिंबू कुणाला लागलं असेल तर. तो वळला, लिंबू शोधलं, कुणाला लागलेलं नव्हतं. रामहरीनं दुसरं लिंबू काढलं. चिंतामणी पुन्हा वळला. तिसऱ्याला त्यानं वाटेवरच्या एका गाडीवानाला थांबवून विचारलं, तुम्हाला काही लागलं का म्हणून. लिंबं संपली. रामहरीनं पिशवी आवळली आणि मालतीला म्हणाला, "वयनी, बाईचं भूत असतं तर काडलं असतं. ह्यो मानूस भुताचं बी ऐकून घ्यायचा न्हाय." मालतीला महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं, आणि त्या मांत्रिकाबद्दल तिला एकदम आदर वाटला.

निंगव्वा आली ती त्यानंतर दोन दिवसांनी. जिन्यात तिचा आवाज आला तेव्हा मालतीला वाटलं, ही भांडायला आली. ती पदर खोचून तयारच राहिली.

"अहो बाई, त्या दिवशीच्या भाकऱ्यांचं..."

"खाल्ल्या की लोकांनी. चटणीत कुस्करायचं काम वाचलं म्हनाले." निंगव्वा उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून बसली. चिंतामणी आतल्या खोलीच्या दारात उभा होता. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तम्मा, टाचन्या अजून मोजतोस?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. चिंतामणीला अशा हाकेची सवय नव्हती. तो म्हणाला, "हो."

"घरात किती दीस बसनार? घरात शंकेला दुसरं काम नसतंय. मग ती तुलाच खाती." मग ती मालतीकडं वळली, धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी. "तंगी, ह्याला उद्यापास्नं माज्याकडं धाड. कोर्टाच्या येळेला. खिशात टाचन्या घालून."

"टाचण्या घालून?" चिंतामणी दारातून पुढं आला.

"मग? बिनटाचन्यानं बसून काय उपेग? तसं तर दगडबी बसतो."

शरच्चंद्रांना हे कळलं तेव्हा त्यांना घेरीच आली. मोहोळकरांच्या घरातला माणूस भाकरीवालीच्या टोपलीशी बसणार, तेही तीन आळ्यांच्या देखत. मालती म्हणाली, "दादा, तुमचं तेल झालं, पाणी झालं, लिंबं झाली. आता भाकरी होऊ द्या. चौदा जून अजून लांब आहे."

पहिल्या दिवशी चिंतामणी निंबाखाली बसला. कोटाच्या खिशात बारा टाचण्या आणि हाताच्या अंतरावर चाळीस भाकऱ्या. निंगव्वाचे नियम दोनच होते. टोपलीत बघायचं नाही, आणि उठून जायचं नाही. त्यानं दोनदा उठायचा प्रयत्न केला. तिनं दोन्ही वेळा त्याच्या कोटाचा शेव धरून त्याला खाली बसवलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. शेवटी तिनं टोपलीतली एक भाकरी काढली, त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि कडाकडा खाल्ली.

"हे बग. आता मी मेले तर तुला फाशी. न्हाय मेले तर उद्या परत यायचं."

ती रात्र चिंतामणीची कशी गेली ते त्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निंबाखाली पोचला. निंगव्वा आलेली नव्हती. नंतर रस्त्याच्या वळणावर डोक्यावरची टोपली आधी दिसली आणि मग ती. तो इतका आनंदला की उठून उभा राहिला. आसपासच्या लोकांना वाटलं, कुणी जज्ज येतो आहे.

असं रोज चाललं. ती त्याला कीव दाखवायची नाही, हेच त्याला बरं वाटायचं. घरी सगळे त्याच्याभोवती हलक्या पावलांनी वावरायचे; इथं निंगव्वा सगळ्यांना सांगायची, "ह्यो आमचा तम्मा. ह्याला वाटतंय तुमच्या भाकरीत टाचनी हाय. असली तर तुमचं नशीब." माढ्याकडचा एक धोंडीराम म्हणून शेतकरी होता, बांधाच्या भांडणात नऊ वर्षं तारखांना येणारा. तो म्हणाला, "मला टाचनीवालीच द्या साहेब. दातात कांदा अडकतोय, काडायला बरी." त्यावर चिंतामणी हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की गेला पाऊण तास आपण टोपलीकडं बघितलेलं नाही. लक्षात आल्याबरोबर त्यानं बघितलं, ते सोडा.

आजार बरा झाला असं नाही. टाचणीची भीती थोडी ढिली पडली तर कुलपाची वाढली, जशी काही दोघींत वाटणी झाली होती. पण दुपारचे चार तास तो घराबाहेर होता, माणसांत होता, आणि मालतीला दोन महिन्यांत पहिल्यांदा दुपारची झोप लागली. एकदा ती प्रभेला घेऊन निंबाखाली आली. निंगव्वानं तिला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "आनि तुजं काय?"

"माझं काय असणार?"

"हेच तर. कुनी इचारत न्हाय."

मालती तिथंच, धुळीत, कांद्याच्या सालींत बसून तासभर बोलली. नवऱ्याला कंटाळून एकदा आपण कुलपाची किल्ली आडात टाकायला निघालो होतो, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. निंगव्वा म्हणाली, "टाकायची की. नवीन कुलूप आलं असतं, त्याचीबी शंका आली असती." चिंतामणी दोन्ही हात मांडीखाली दाबून सगळं ऐकत होता. त्याला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की हे कुणीतरी मोठ्यानं म्हटलं.

पाडव्यानंतर आठवड्यानं एक दिवस निंगव्वा आली नाही. चिंतामणी बारापर्यंत निंबाखाली उभा होता. मग तो घरी धावत आला. त्याचा चेहरा बघून मालतीनं हातातली परात खाली ठेवली.

"तिनं काल माझ्यासमोर भाकरी खाल्ली," तो म्हणाला. "मालती, ती गेली. मीच मारलं तिला."

वाद घालायचा नाही आणि मान्य करायचं नाही. मालतीनं प्रभेला शेजारणीकडं सोडलं आणि म्हणाली, "चला, बघून येऊ." वाटेत तो तीनदा कुलपासाठी मागं वळला आणि तिन्ही वेळा आपणच पुढं आला. निंगव्वाची काळजी कुलपापेक्षा मोठी निघाली.

बाळीवेशीत निंगव्वाची एक खोली होती. दाराशी तिचा पुतण्या चनबसप्पा बसला होता, गिरणीतून पाळी संपवून आलेला. तो म्हणाला, "जित्ती हाय. दरसाल ह्या दिसांत असंच. पंधरा-वीस दीस." आत निंगव्वा घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. केस सुटलेले, विभूती नाही. एवढी मोठी बाई, पण अंथरुणात अर्धीच वाटत होती.

मालतीनं विचारलं, "ताप आहे का?"

"न्हाय."

"कुणी काही बोललं?"

"न्हाय." मग ती बोलू लागली, तोंड भिंतीकडंच ठेवून. बोलता बोलता कानडीत गेली, मग परत मराठीत आली. दरवर्षी चैत्रात असं होतं. कारण काही नसतं. छातीवर कुणी ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं वाटतं, हात उचलत नाही, माणसं बोलतात ते लांबून येतं. नवरा मेला तेव्हा झालं नव्हतं, तो मरायच्या आधीपासून आहे. पूर्वी सासरचे खांबाला बांधायचे. आता कुणी बांधत नाही, एवढंच.

म्हणून हिला आपलं कळलं, हे चिंतामणीच्या ध्यानात आलं. तो दाराजवळ बसला. उठून गेला नाही. मालतीनं चुलीवर पेज केली आणि वाटी पुढं नेली. निंगव्वानं मान किंचित वळवली.

"बामनाच्या हातचं मी खात न्हाय."

"मग चनबसप्पा भरवेल. पेजेला जात नसते."

"असती," निंगव्वा म्हणाली, पण चनबसप्पाच्या हातून दोन घोट घेतले. मग म्हणाली, "निंबाखालची जागा जाईल. त्यो भजीवाला टपलाय. चार दीस रिकामी दिसली की कडई मांडतोय."

मालतीनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडं बघितलं. त्याला कळलं होतं ती काय म्हणणार आहे, आणि आपण नाही म्हणू शकणार नाही हेही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मालतीनं चाळीस भाकऱ्या थापल्या. तिची आयुष्यातली सगळ्यात मोठी पंगत सात पानांची होती. भाकऱ्या लहान झाल्या, काही करपल्या, तीन तिच्याच डोळ्यांसमोर फाटल्या. चिंतामणीनं टोपली उचलली. डोक्यावर घ्यायची हिंमत नव्हती म्हणून कडेवर मूल घेतात तशी घेतली आणि उत्तर कसब्यातून भर रस्त्यानं कोर्टाकडं निघाला. शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. निंबाखाली भजीवाला खरंच आला होता, विटा मांडत होता. टोपी-कोटातला कारकून टोपली घेऊन समोर उभा राहिलेला बघून त्यानं मुकाट्यानं विटा गोळा केल्या.

पहिलं गिऱ्हाईक धोंडीरामच होता. चिंतामणीनं भाकरी उचलली आणि हात थांबला. इतके दिवस तो फक्त शेजारी बसला होता. आता त्याच्या स्वतःच्या हातांनी, त्याच बोटांनी, भाकरी माणसाच्या तोंडापर्यंत जाणार होती. त्यानं ती मोडली आणि चाचपली. दुसरी घेतली, तीही मोडली. धोंडीराम शांतपणे बघत होता. तिसरी त्यानं उचलली. धोंडीराम म्हणाला, "साहेब, तुमचं चालू द्या. माझी तारीख नऊ वर्षं चाललीय, भाकरीला घाई न्हाय." चिंतामणीनं डोळे मिटले आणि ती तिसरी सबंधच त्याच्या हातावर ठेवली. धोंडीरामानं घास तोडला, चावला, गिळला.

"कशी आहे?" चिंतामणीनं विचारलं.

"खरं सांगू? टाचनी असती तर काय तर चव लागली असती."

ही बातमी मालतीला संध्याकाळी कळली आणि तिला राग आला. दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या चांगल्या झाल्या. सोळा दिवस तिनं थापल्या आणि त्यानं वाटल्या. रोज पहिल्या एक-दोन मोडायचा. एक दिवस सहा मोडल्या, एक दिवस एकही नाही. नारायणराव शिरस्तेदार लांबून रोज बघायचे. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले, भाकरी मागितली आणि उभ्यानं खाऊन गेले. रोज संध्याकाळी दोघं नवरा-बायको बाळीवेशीला जाऊन निंगव्वापाशी बसायचे. ती बहुतेक वेळ बोलायची नाही. सतराव्या दिवशी ती निंबाखाली आली, बारीक झालेली, आणि मालतीची उरलेली भाकरी हातात घेऊन उलटसुलट बघून म्हणाली, "अय्यो शिवा, एवढी पातळ? लोकांनी हुबं केलं कसं तुमाला?"

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा निंगव्वा टोपली घेऊन गिरणीच्या फाटकाशी बसू लागली आणि चिंतामणी तिच्या शेजारी. जून उजाडला.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर सगळं ठीक होतं ते कुर्डुवाडीपर्यंत. कुर्डुवाडीला गाडी थांबते बराच वेळ. चिंतामणी पाणी आणायला म्हणून उतरला आणि त्याला दिसलं की समोरच्या फलाटाला सोलापूरची गाडी उभी आहे. त्याच क्षणी कुलूप आठवलं. तो खिडकीशी आला. "मालती, मी बघून येतो. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला पोचतो."

प्रभा मालतीच्या मांडीवर झोपली होती. मालती उठली नाही. तिनं कुलूप लावलं होतं, चार जणांनी बघितलं होतं, शिंप्यानं तर हात लावून बघितलं होतं. यातलं काही ती बोलली नाही. म्हणाली, "जायचं तर जा. डॉक्टरांना मी सांगेन, रोगी कुर्डुवाडीला आहे, उपचार पत्रानं करा. गाडी सुटायला पाच मिनिटं आहेत."

तो दोन गाड्यांच्या मधे तांब्या घेऊन उभा राहिला. तो नंतर सांगायचा, त्या पाच मिनिटांत सगळा आजार भरला होता. समोरची गाडी आधी हलली. ती सोलापूरच्या दिशेनं निघून गेली आणि तो रिकामा तांब्या घेऊन डब्यात चढला. पाणी भरायचं राहिलं म्हणून मालतीनं त्याला बोल लावला.

डॉक्टर बारीक अंगाचे, दाढी राखलेले. त्यांनी दीड तास ऐकलं, मधे एकदाही हसले नाहीत, याचा चिंतामणीला जरा अवघडपणाच वाटला. त्यांनी त्याला सहा आठवडे पुण्यात ठेवून घेतलं. रोज तासभर बोलणं, रोज एक गोष्ट न बघता सोडून देण्याचा सराव. सगळं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, जाणारही नाही कदाचित, पण तुमचा दिवस तुमच्याकडं राहील. श्रावणात तो कामावर रुजू झाला. नारायणरावांनी त्याला दिवसाला दोन नकला दिल्या, मग तीन. कुलूप तो दोनदा ओढायचा. दोनदावर थांबायचा.

पण पहिल्याच दिवशी, सगळं ऐकून झाल्यावर, डॉक्टरांनी मालतीला एक प्रश्न विचारला होता. "या निंगव्वाबाई. त्यांना स्वतःला कुणाला दाखवलं का?"

तीन महिने त्या बाईनं त्यांना सांभाळलं, सोळा दिवस त्यांनी तिची टोपली सांभाळली, पण हा विचार मालतीच्या डोक्यात आला नव्हता.

"पुढल्या खेपेला घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

निंगव्वाला तयार करायला पूर्ण भाद्रपद गेला. दाखवायला मला काय शिंगं फुटलीत, म्हणाली. मग म्हणाली, चैत्र लांब आहे. मग म्हणाली, तो डॉक्टर पोतं उचलणार आहे का. "बघू तर," चिंतामणी म्हणाला. "मला तरी कुठं ठाऊक होतं." नवरात्र संपल्यावर एका सकाळी तिघं स्टेशनावर आली. चनबसप्पानं वळकटी आत टाकली. निंगव्वा आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसत होती, म्हणून तिनं खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला होता.

"त्यो इचारंल, काय हुतंय म्हनून. काय सांगू?"

"आम्हाला सांगितलंत तेच," मालती म्हणाली.

"तुमाला कुटं सगळं सांगितलं?"

गाडी सुटली. निंगव्वानं गज सोडला नाही, पण बोलायला लागली. मोहोळ मागं पडलं तरी ती बोलतच होती, निम्मं कानडीत आणि निम्मं मराठीत, आणि मालती जेवढं कळत होतं तेवढं ऐकत होती.